ग्रामसभा दोनशे पावलांवर होती

प्रति,
बेळगाव जिल्ह्यातल्या कॉलेजांचे प्राचार्य, एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) कार्यक्रम अधिकारी आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर बसणारे गुरुजन यांस,

स. न. वि. वि.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. २०२० च्या डिसेंबरात महिला राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आले, पाच वर्षं सदस्य होते, आता मुदत संपली. शिक्षण बीए, तेही लग्नानंतर बाहेरून परीक्षा देऊन. माझी मुलगी बेळगावात बीकॉमला आहे आणि तुमच्यातल्याच एका कॉलेजाचं शिबिर माझ्या गावात सात दिवस राहून गेलं, एवढ्या दोन नात्यांनी हे पत्र लिहिते आहे. कॉलेजांची नावं लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटले म्हणतात.

मागच्या उन्हाळ्यात मुलगी संविधानाचा पेपर पाठ करत बसली होती. मी भाकऱ्या करत होते आणि ती येरझाऱ्या घालत म्हणत होती, मूलभूत कर्तव्यं अकरा, दहा १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं आली, अकरावं २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीनं. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांची संध्या सुरक्षाची, म्हणजे म्हाताऱ्यांना सरकार देतं ती, पेन्शन चार महिने आली नव्हती. हातात एक कन्नड कागद, घडीवर घडी घालून मऊ झालेला. मुलीला कन्नड वाचता येतं, दहावीपर्यंत शिकली आहे. तिनं वाचून सांगितलं, "काकू, बँकेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही असं लिहिलंय."

"मी दोनदा जाऊन आलो की गं बाळ," काकू म्हणाल्या. (आमच्याकडच्या म्हाताऱ्या 'आलो-गेलो'च म्हणतात, पुण्याचे पाहुणे हसतात.) "दोन्ही खेपेला नाळे बर्री, उद्या या, म्हणाले. आता कुठं जायचं?"

मुलगी गप्प. हातात संविधानाच्या नोट्स आणि तोंडावर अशी कळा, की मला तिची कीव आली. आधी बँकेत जायचं, आधार केंद्रात जायचं की नाडकचेरीत (महसूल खात्याच्या इथल्या कचेरीत), तिला ठाऊक नव्हतं. अर्ज दिला तर पोचपावती मागायची असते, हेही ठाऊक नव्हतं. पेपरात तिला उत्तम मार्क पडले. मला तिचा राग आला नाही. थोडा तुमचा आला, आणि थोडा माझा, कारण पाच वर्षं पंचायतीत बसून मीसुद्धा तिला कधी बरोबर नेलं नव्हतं. निवडून आले तेव्हा ती शाळेत होती, आणि 'तू अभ्यास कर' हेच आम्ही आयाबाया म्हणत असतो.

तुम्ही म्हणाल, हे किरकोळ आहे, कागदपत्रांची कामं एजंटसुद्धा करतो. करतो की! नाडकचेरीच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानात बसून करतो आणि दोनशे-तीनशे घेतो. पण एजंटाला जे येतं ते पदवीधराला येत नसेल, तर पदवीचा पेपर नेमका कशाचा घेतला? कर्नाटकात सकाल नावाचा कायदा आहे, २०११ चा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पेन्शनची मंजुरी अशा शेकडो कामांना त्यानं मुदत घालून दिली आहे. अर्ज दिला की पंधरा आकडी नंबर मिळतो, त्यावरून अर्ज कुठं अडकला ते कळतं, आणि मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. वीस रुपयांनी कोणी श्रीमंत होत नाही. पण खिडकीच्या आतल्या माणसाला ते वीस रुपये पगारातून द्यायची पाळी येऊ शकते हे बाहेरच्याला कळलं, की दोघांचाही आवाज बदलतो. हा आवाजातला बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे. तुमच्या नागरिकत्वाच्या पेपरात तो नाही.

आता शिबिराचं सांगते.

आमच्या गावात एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर आलं. पन्नासेक मुलं-मुली, शाळेच्या दोन खोल्यांत मुक्काम. गुणी पोरं होती, खोटं कशाला बोलू. देवळापुढचं अंगण झाडून घेतलं, शाळेची भिंत रंगवली, भिंतीवर पाणी वाचवा, मुलगी शिकवा असं तीन भाषांत लिहिलं. रात्री नाटुकली केली. एका नाटुकलीत लाचखाऊ तलाठी होता आणि शेवटी पोलीस त्याला धरून नेतात, गावानं खूप टाळ्या वाजवल्या.

त्या शिबिराच्या तिसऱ्या दिवशी आमची ग्रामसभा होती. पंचायतीचं ऑफिस शाळेपासून मोजून दोनशे पावलं. मी आदल्या दिवशी जाऊन सरांना सांगितलं, मुलांना घेऊन या, बसा, बघा. सर भले गृहस्थ, पण म्हणाले, "मॅडम, उद्या सकाळी श्रमदान आहे आणि दुपारी नेतृत्व विकासावर व्याख्यान. पाहुणे बेळगावहून येणार आहेत, शेड्यूल ठरलेलं आहे." आणि खरंच तसंच झालं. पंचायतीत गाव भांडत होतं आणि दोनशे पावलांवर पन्नास मुलं नेतृत्व म्हणजे काय हे ऐकत होती. लाउडस्पीकर होता, त्यामुळे व्याख्यान आम्हालाही ऐकू आलं. नेता तो, जो गर्दीत उठून उभा राहतो, असं काहीसं होतं.

पण एक मुलगी आली. नेतृत्वासाठी नाही. तिची त्या दिवशी स्वयंपाकाची पाळी होती, शाळेतलं पाणी संपलं होतं आणि टाकी कधी भरणार हे विचारायला तिला पंचायतीत धाडलं होतं. वॉटरमन सभेत अडकला होता म्हणून ती दाराशी थांबली. त्याच वेळी पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब कामांची यादी वाचायला लागले होते. यादी कन्नडात, गाव मराठी. दर वेळी असंच होतं. यादी वाचली जाते, आम्ही माना डोलावतो, सही आणि अंगठे होतात, चहा येतो. त्या दिवशी एक आजी मध्येच म्हणाल्या, "अहो, कुणीतरी मराठीत सांगा की." मी उठणार तोवर दारातली ती मुलगी म्हणाली, "मी सांगू का?" सौंदत्तीकडची होती. घरी कन्नड, मराठी बेळगावात मैत्रिणींकडून शिकलेली.

तिनं यादी हातात घेतली आणि एकेक काम मराठीत सांगायला लागली. रस्ता, शाळेचं कंपाउंड, नरेगातले चर. मग एका ओळीवर म्हणाली, "गल्लीतला गाळ काढणे." आणि सभा पेटली. बायका एकदम उभ्या. कुठल्या गल्लीतला गाळ काढला? आमच्या दारात गटार तुंबून दोन वर्षं झाली! कुणी खाल्ले पैसे? मीही आवाज चढवला, माझाच वॉर्ड होता. पाच मिनिटं कुणाचं कुणाला ऐकू येईना. शेवटी सेक्रेटरींनी कागद ओढून घेतला आणि म्हणाले, "केरी नव्हे हो, केरे! केरे म्हणजे तळं. तळ्यातला गाळ काढणे."

कन्नडात केरी म्हणजे गल्ली आणि केरे म्हणजे तळं. घाईघाईत, त्यातून तशा धूसर झेरॉक्सवर, कुणाचंही चुकलं असतं. ती पोर लाल झाली. मला वाटलं आता रडत पळणार. ती हात जोडून म्हणाली, "मी चुकीचं वाचलं. माझ्यामुळे तुम्ही यांच्यावर ओरडलात. मला माफ करा." आधी कन्नडात सेक्रेटरींना म्हणाली, मग मराठीत आम्हा बायकांना. सभेत शांतता झाली. आणि मग मागून एक आजोबा, जे दर सभेला झोपायलाच येतात अशी त्यांची ख्याती आहे, ते म्हणाले, "ते असू दे. पण मग तळ्यातला तरी कुठं काढलाय?"

नव्हताच काढलेला. काम मंजूर होतं, सुरू झालेलं नव्हतं, आणि पावसाळा दीड महिन्यावर आलेला. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या प्रोसिडिंगमध्ये एका कामापुढे तारीख लिहिली गेली. ती तारीखही पुढे टळली, नंतर अर्ध्या तळ्यातला गाळ निघाला. म्हणजे काही क्रांती झाली नाही.

सर, तुमच्या व्याख्यानात नेता गर्दीत उठून उभा राहतो. मी जे पाहिलं त्यात उठून उभं राहणं सोपं होतं. चुकल्यावर तिथंच उभं राहणं, दोन्ही बाजूंना त्यांच्या त्यांच्या भाषेत चूक सांगणं, हे मी पाच वर्षांत आमच्या कुठल्या पुढाऱ्याकडून पाहिलं नाही. माझ्याकडूनही नाही. त्या मुलीला शिबिराच्या शेवटी बेस्ट व्हॉलंटियरचं बक्षीस मिळालं नाही. दुपारच्या व्याख्यानाला गैरहजर होती, आणि आमटीही उशिरा झाली.

नेतृत्वाच्या वर्कशॉपविषयी माझ्या मुलीचं ऐकून एवढंच म्हणते, की वर्तमानपत्राच्या कागदावर आठ जणांनी तोल सांभाळून उभं राहायचं, मग कागद घडी घालून निम्मा करायचा, परत उभं राहायचं, हा खेळ मजेचा आहे. सर्टिफिकेटही छान चकचकीत येतं. पुढे जाते.

एनएसएस १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली, ३७ विद्यापीठं आणि ४०,००० मुलं घेऊन. 'मी नव्हे, तुम्ही' हे तिचं ब्रीद. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत एकदा सात दिवसांचं शिबिर. १२० तास म्हणजे केवढे असतात! त्यातले चार तास ग्रामसभेला देता येत नाहीत? कर्नाटकच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्याप्रमाणे ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते, त्याआधी वॉर्डसभा. नोटीस आधी लागते. शिबिराची तारीख त्या नोटिशीकडे बघून ठरवायची, एवढंच. त्याला सरकारचा आदेश लागत नाही, पैसे तर लागतच नाहीत. पीडीओला एक फोन लागतो.

आणि एक करा, मुलांना 'उद्याचे नागरिक' म्हणणं बंद करा. प्रत्येक गॅदरिंगला पाहुणे हेच म्हणतात. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सदस्य, असं संविधानच सांगतं. मतदानाचं वय १९८९ पासून अठरा आहे. आता तर नाव घालायला वर्षात चार तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. म्हणजे तुमच्या वर्गातली बहुतेक पोरं आजच सभेची सदस्य आहेत, फक्त त्यांना कुणी सांगितलेलं नाही. एकविसाव्या वर्षी तीच पोरं पंचायतीला उभी राहू शकतात, निवडून आली तर लाखांच्या कामांवर सह्या करू शकतात. पण कॉलेजात वर्गप्रतिनिधी निवडू शकत नाहीत, तो मार्कांवर ठरतो.

हे मला कधीच समजलं नाही. कर्नाटकात विद्यार्थी संघाच्या थेट निवडणुका बंद होऊन पस्तीसेक वर्षं झाली. कारण मारामाऱ्या झाल्या, पक्ष घुसले. खरं आहे, आमच्या पिढीनं ते ऐकलेलं आहे. पलीकडे महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्यात थेट निवडणूक परत आली, ती बरीचशी कागदावरच राहिली. आपल्याकडेही परत सुरू करायचा विचार सरकारनं चालवल्याचं मध्ये पेपरात आलं होतं. पण मारामारी टाळायची रीत तर लिंगडोह समितीनं २००६ सालीच लिहून दिली आणि सुप्रीम कोर्टानं ती मान्य केली. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, छापील पोस्टर नाही, हातानं लिहिलेलंच चालेल, हजेरी ७५ टक्के हवी, विषय राहिलेले नसावेत, सगळा कारभार दहा दिवसांत आटपायचा. पंचायतीच्या निवडणुकीला असे नियम असते तर आमच्यासारख्या बायकांचं कर्ज वाचलं असतं! सरकारचा निर्णय होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या हॉस्टेलची मेस कमिटी, वाचनालयाची कमिटी, गॅदरिंगची कमिटी ही तरी मुलांना मत टाकून निवडू द्या. जो हरेल तो पुढचे सहा महिने जिंकलेल्याला हिशेब विचारील. आमच्याकडे हरलेला माणूस पाच वर्षं बोलत नाही, नाहीतर बोलतो ते थेट कोर्टात. हरून कामात कसं राहायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नाही.

आता भाषेचं. ते टाळून बेळगावात नागरिकत्वावर लिहिणं म्हणजे पाण्यात न उतरता पोहणं शिकवणं. तुम्ही मात्र ते टाळता. तुमचा नाइलाज मला कळतो. वर्गात अर्धी मुलं मराठी, अर्धी कन्नड, काही उर्दू. एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्य झालं त्या दिवशी, अर्ध्यांच्या घरी राज्योत्सव आणि अर्ध्यांच्या घरी काळा दिवस. शिक्षक म्हणतो, नको रे बाबा, आपला युनिट पूर्ण करू. पण २०२५ च्या फेब्रुवारीत एका बसमध्ये भाषेवरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन राज्यांमधल्या बसगाड्या अडकून पडल्या, तेव्हा कोल्हापूरला दवाखान्यात जाणारे आमच्या गावचे दोघं स्टँडवर बसून होते. मला सारखं वाटतं, अशा बसमध्ये दोन्ही भाषा येणारं एखादं तरी कॉलेजचं पोर बसलेलं असतंच. त्यानं उठून नुसतं एकाचं दुसऱ्याला समजावून सांगायचं असतं. ते पोर खिडकीबाहेर बघत बसतं, कारण आजवर सगळ्यांनी त्याला तेच शिकवलं आहे. आईनं तर सगळ्यात आधी.

माझे सासरे सीमालढ्यातले. साराबंदीच्या वेळी हिंडलग्याच्या जेलमध्ये राहून आलेले. शेवटपर्यंत त्यांचं मत बदललं नाही, माझंही बदललेलं नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, लागेल तेव्हा निकाल लागेल. पण हेच सासरे सोसायटीच्या मीटिंगला कन्नड हिशेब खडाखडा वाचून दाखवायचे. कुणी टोमणा मारला तर म्हणायचे, "भांडायचंय ना? मग त्यांचा कागद आपल्याला वाचता आला पाहिजे. न वाचता भांडतो त्याला कोण भितो?" आमच्या बाजूच्या पुढाऱ्यांनाही हे ऐकवायचं आहे. पोरांना वर्षातून एकदा मूक सायकल फेरीला बोलावता, फेटे बांधता, मग वर्षभर कुठं असतं तुमचं पोर? त्याचा अर्ज कोण लिहितं?

आणि कन्नड बांधवांनी दचकू नये, मराठी मुलांना मराठीतून हक्क मागायलाही शिकवा. दोन्ही शिकवा. संविधानाचं कलम ३५० म्हणतं, राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तक्रारीचा अर्ज देता येतो. म्हणजे काकूंची तक्रार मराठीत लिहिली तरी ती घ्यावी लागेल. उत्तर मात्र मराठीतच मिळेल असं ते कलम म्हणत नाही. माहितीचा अधिकार वेगळा. तिथं अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा तिथल्या राजभाषेत, म्हणजे आपल्याकडे कन्नडात. पण त्याच कायद्यात असंही आहे, की ज्याला लिहिता येत नाही त्याचं म्हणणं अधिकाऱ्यानं ऐकून लिहून घ्यायला मदत करायची. फी १० रुपये, उत्तराला ३० दिवस, आणि कर्नाटकाच्या नियमात आणखी एक मेख, अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत. दीडशे शब्दांत एकच प्रश्न नेमका विचारणं! कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही विषयांच्या मास्तरांनी मिळून घ्यावा असा हा धडा आहे. आमची माणसं अर्जात पणजोबांपासून सुरुवात करतात.

जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर आहेत, तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे तर १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेपासून ठरलेलं आहे. ते किती पाळलं जातं हे सांगायला मी लागत नाही. पण तुमच्या एका वर्गानं एका सेमिस्टरमध्ये तालुक्यातल्या पन्नास पंचायतींच्या नोटीस बोर्डांचे फोटो काढून तक्ता केला, कुठं कोणत्या भाषेत काय लावलं आहे याचा, तर कन्नड आणि मराठी मुलांनी मिळून केलेला तो अभ्यास कुठल्याही मोर्चापेक्षा जास्त बोलेल. मात्र तो खरा करा. जिथं मराठीत नोटीस लावलेली सापडेल तिथं तसं लिहा, आमच्या बाजूला अडचणीचं असलं तरी.

बेळगावला हे नवं नाही, म्हणून जास्त लागतं. १९२४ साली टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढ्या एकाच अधिवेशनाचे. त्याच्या शंभरीला शहरभर दिव्यांची रोषणाई झाली, आम्हीही रात्री बसनं जाऊन बघून आलो. माझ्या मुलीला गांधीजींचं ठाऊक होतं. पण हजारो माणसांचं पाणी, जेवण, झाडलोट, रांगा हे ज्यांनी ओढलं त्या स्वयंसेवकांचं आणि त्यांना तयार करणाऱ्या डॉ. ना. सु. हर्डीकरांचं नाव तिनं ऐकलेलं नव्हतं. स्वागताध्यक्ष होते गंगाधरराव देशपांडे. ते पुढे हुदलीत खादी घेऊन बसले. या गावात नेतृत्वाचं शिक्षण पाण्यापासून सुरू झालं. अधिवेशनासाठी खोदलेली विहीर अजून तिथं आहे, तिच्याकडेनं रोज तुमची मुलं स्कूटीवरून जातात.

मला जे हवं आहे ते फार नाही. संविधानाच्या पेपरातले थोडे मार्क काढून बाजूला ठेवा. ते मार्क मुलानं किंवा मुलीनं एका सभेत शेवटपर्यंत बसून तिचं टिपण आणल्यावर द्या, ग्रामसभा असो नाहीतर शहरातल्यांसाठी महानगरपालिकेची. टिपण मराठीत, कन्नडात, ज्याला ज्या भाषेत येईल तसं. आणि एका माणसाचा एक कागद शेवटपर्यंत नेल्यावर आणखी काही द्या. काम झालं नाही तरी मार्क द्या. कुठं अडलं, कोण काय म्हणालं, पुढची तारीख कोणती, हे नीट लिहिलेलं असलं की पुरे. काम झाल्यावरच मार्क म्हणाल तर पोरं एजंटाकडे जातील, किंवा वडिलांच्या ओळखीच्या साहेबाकडे. तेही आपल्याकडचं शिक्षणच, पण ते कॉलेजात न जाताही मिळतं.

शिक्षकांवर बोजा पडेल हे कबूल आहे. साठ मुलांचे साठ कागद तपासायचे. गेस्ट लेक्चररना तर तासावर पैसे मिळतात, ते कुठून करणार. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण माजी पंचायत सदस्य, रिटायर तलाठी, रिटायर सेक्रेटरी गावोगाव बसलेले आहेत, दुपारी पारावर पत्ते खेळतात. त्यांना बोलवा. मानधन नको, बसचं तिकीट द्या. बायकांना तेही नको, शक्ती योजनेत आम्ही फुकट येतो.

मुलींच्या आईबापांची काळजी वेगळी असते, पोरीला कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला लावू नका म्हणतील. दोघी-दोघींना पाठवा. मी पहिल्यांदा पंचायतीत गेले तेव्हा नवरा दारापर्यंत सोडायला आला होता, आणि महिनाभर लोक मला विचारायचं ते त्यालाच विचारत होते.

येत्या ग्रामसभेची नोटीस लागली की मी तिचा फोटो तुमच्या ऑफिसला पाठवीन. मुलं पाठवा. दुपारच्या जेवणाचं आम्ही बचत गटाच्या बायका बघू. तळ्याचा राहिलेला अर्धा गाळ विषयपत्रिकेवर घालायला मी अर्ज दिलेला आहे, केरे आणि केरी दोन्ही शब्द स्पष्ट लिहून.

आपली,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य,
खानापूर तालुका

ता. क. – काकूंची पेन्शन सुरू झाली. मुलगी तीन खेपा गेली, एकदा बँकेत आणि दोनदा नाडकचेरीत. मागचे चार महिने मात्र अजून आलेले नाहीत. त्यासाठी तिनं वेगळा अर्ज दिला आहे, मराठीत, खाली कन्नडात सारांश लिहून. पोचपावती आमच्या फ्रीजवर चिकटवलेली आहे, काकू रोज येऊन तारीख मोजतात.